बियाण्याच्या वाटेने इथिओपिया: अदिस अबाबा ते हवासा

इथिओपियातले बियाणे पाहायचे असेल तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरावा. जून ते सप्टेंबरचा मोठा पाऊस सरलेला असतो आणि त्यावरचा मुख्य हंगाम, मेहेर, काढणीला आलेला असतो. टेफ या बारीक दाण्याच्या तृणधान्याच्या खळ्यांवर मळणी चालू असते, गव्हात कंबाइन फिरत असतात, काळ्या रानात हरभरा घाटे धरत असतो. म्हणजे वेगवेगळ्या पिकांचे बी वेगवेगळ्या अवस्थेत एकाच फेरीत बघायला मिळते. वाट अशी: अदिस अबाबाहून आग्नेयेला बिशोफ्तू, एजेरे आणि मेल्कासा, मग दक्षिणेला आसेला, शेवटी हवासा. मनात प्रश्न एकच. बहुतेक शेतकरी जिथे घरचे किंवा शेजाऱ्याचे बी पेरतात, अशा गरीब देशात बियाण्याची टिकाऊ व्यवस्था कशी उभी राहते, आणि अडते कुठे? या वाटेवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: कोणते बी कोणी तयार करायचे, हे बरेचसे पीकच ठरवते.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथले घड्याळ सकाळी सहापासून सुरू होते, त्यामुळे कुणी ‘दोन वाजता या’ म्हणाले तर सकाळी आठला पोहोचायचे. आणि केबेले म्हणजे गावपातळी, वोरेदा म्हणजे साधारण आपला तालुका. बियाण्याची मागणी याच उतरंडीने वर जाते, म्हणून हे शब्द रोज कानावर पडतात.

सोमवार, अदिस अबाबा

सुरुवात राष्ट्रीय जनुकपेढीपासून. ही पेढी १९७६ मध्ये जर्मनीच्या मदतीने सुरू झाली. त्याआधी १९२७ मध्ये रशियन शास्त्रज्ञ वाविलोव्ह इथे वाण गोळा करून गेले होते. टेफ, नाचणी, कारळा, बार्ली, डुरम गहू यांची इतकी विविधता एका देशात क्वचितच सापडते. कॅलिफोर्नियातल्या बार्लीला पिवळ्या खुजेपणाच्या विषाणूपासून वाचवणारे जनुक इथल्याच बार्लीतून गेले.

जनुकशास्त्रज्ञ मेलाकू वोरेदे यांनी ही पेढी नावारूपाला आणली. १९८४ च्या दुष्काळात लोकांनी बियाणेही खाऊन संपवले. वाण नुसते शीतगृहात ठेवून भागत नाही, ते शेतात फिरते राहिले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. त्याच कामासाठी १९८९ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला.

पेढीचे तंत्र सोपे आहे. बी हळूहळू सुकवून ओलावा ३ ते ७ टक्क्यांवर आणायचा, हवाबंद पाकिटात भरायचे आणि उणे १० अंशांवर ठेवायचे. अडचण पुढे येते. नमुना असतो काही शे ग्रॅमचा. तो एखाद्या गावाला पेरणीसाठी हवा असेल तर आधी दोन-तीन हंगाम वाढवावा लागतो, आणि त्या हंगामांचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

दुपारचा वेळ व्यवस्थेचा आराखडा समजून घेण्यात जातो. सरकारी बियाणे महामंडळ १९७९ च्या सुमाराचे. २००८ नंतर ओरोमिया, अम्हारा आणि दक्षिण विभागाने आपापली महामंडळे काढली. केंद्रीय महामंडळ २०१५ मध्ये एका मोठ्या कृषी व्यवसाय महामंडळात विलीन झाले. बियाण्याच्या पायऱ्या आपल्या ओळखीच्याच आहेत: पैदासकार (वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाकडचे मूळ बी), त्यातून वाढवलेले पूर्व-पायाभूत, पायाभूत, मग शेतकऱ्याला विकायचे प्रमाणित. अकोल्याचे ‘महाबीज’ ज्याने जवळून पाहिले आहे त्याला हे चित्र नवे वाटणार नाही.

मंगळवार, बिशोफ्तू

अदिसपासून पन्नासेक किलोमीटर, उंची १९०० मीटरच्या आसपास. जुने नाव देब्रे झेइत. टेफवरचे सर्वात जुने आणि मोठे काम इथल्या संशोधन केंद्रात झाले आहे, म्हणून पूर्ण दिवस इथेच द्यावा.

टेफचा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. हजार दाण्यांचे वजन भरते साधारण ०.३ ग्रॅम. प्रयोगशाळेत शुद्धता तपासणीला बसलेल्या तंत्रज्ञाच्या शेजारी थोडा वेळ थांबले की सगळी गोष्ट उलगडते. हरभऱ्याची शुद्धता बघायला एक किलोचा नमुना लागतो, मक्याला ९०० ग्रॅम, गव्हाला १२० ग्रॅम आणि टेफला फक्त एक ग्रॅम. तो एक ग्रॅम काचेवर पसरायचा आणि भिंगाखाली चिमट्याने तीन ढीग करायचे: शुद्ध बी, इतर बी, काडीकचरा-माती. तिसरा ढीग नेहमी मोठा निघतो. कारण खळ्यावर आहे. माती-शेणाने सारवलेल्या जमिनीवर बैल फिरवून मळणी होते आणि खळ्याचा पापुद्रा टेफच्याच आकाराचे कण होऊन बियाण्यात उतरतो. हे कण चाळणीने सुटत नाहीत, वाऱ्यानेही नीट उडत नाहीत. उपाय एकच: बियाण्याची मळणी ताडपत्रीवर किंवा यंत्राने करायची. जिथे ताडपत्री दिली तिथे तपासणीत नापास होणारे लॉट, म्हणजे एकत्र तपासायचे बियाण्याचे साठे, कमी होतात, आणि हा खर्च फेरतपासणीपेक्षा स्वस्त पडतो.

दुसरी भेसळ रंगाची. पांढऱ्या टेफला भाव जास्त, तांबड्याला कमी, मिसळलेला सेरगेन्या दोन्हींच्या मध्ये. टेफ स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारे, असल्याने दुसऱ्या टेफपासून तीन ते पाच मीटरचे अंतर पुरते. शेजारच्या शेतातून भेसळ फारशी येत नाही. ती येते खळ्यावरून, पोत्यातून आणि मागच्या वर्षी गळून पडलेल्या दाण्यांतून. म्हणून बीजोत्पादनाच्या रानात आदल्या हंगामात टेफ नसावे, आणि पोती नवी किंवा उलटी करून झटकलेली असावीत.

वाण सुधारायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर फुलात आहे. टेफचे फूल सकाळी साधारण पावणेसात ते साडेसातच्या दरम्यान उघडते आणि मिटते. शास्त्रज्ञ तारेके बेर्हे यांनी १९७४ मध्ये ही वेळ ओळखली, त्यानंतरच हाताने संकर करणे शक्य झाले. आदल्या संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पुंकेसर काढायचे, सकाळी त्या अर्ध्या-पाऊण तासात पराग टाकायचा. अशाच संकरातून २००६ चा ‘कुंचो’ हा वाण आला: एका जनकाचा पांढरा दाणा, दुसऱ्याचे उत्पादन.

कुंचो इतक्या वेगाने पसरला, त्यामागे गुणन आहे. ओळीत पेरले तर टेफला हेक्टरी १० ते १५ किलो बी पुरते. हेक्टरी १५ क्विंटल उत्पादन धरून साफसफाईची घट वजा केली, तर एका हेक्टरमधून ८० हून जास्त हेक्टरचे बी मिळते. फेकून पेरले तर ३० किलो आणि त्याहून अधिक लागते, आणि तोच आकडा अर्ध्याच्या खाली येतो. तरीही ओळीतली पेरणी सगळीकडे टिकलेली नाही. झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीतून बी सोडत जायला माणसे फार लागतात, आणि पेरणीच्या आठवड्यात नेमकी तीच मिळत नाहीत. बीजोत्पादकाने मात्र ती मजुरी सोसावी. ओळीत भेसळीचे झाड लगेच दिसते आणि उपटता येते.

खासगी कंपन्या टेफपासून लांब राहतात, त्याचा दोष त्यांना देता येत नाही. एकदा चांगले बी घेतलेला शेतकरी ते तीन-चार वर्षे घरी राखू शकतो. पुन्हा पुन्हा येणारे गिऱ्हाईक नाही, म्हणून इथे सरकारी केंद्र आणि शेतकऱ्यांचे गट यांनाच उभे राहावे लागते.

बुधवार, एजेरे

बिशोफ्तूच्या ईशान्येला चढ लागतो आणि माती बदलते. विदर्भ-मराठवाड्याचा माणूस इथे खाली वाकून ढेकूळ हातात घेणारच: तशीच काळी, भेगाळणारी, पावसात चिकट होणारी जमीन. मोठ्या पावसात पाणी साचते म्हणून हरभरा ऑगस्टअखेर-सप्टेंबरात, पाणी ओसरल्यावर, जमिनीतल्या ओलीवर पेरतात. पाणी काढून देण्यासाठी दोन देशी नांगर जोडून केलेले रुंद वरंबा-सरीचे बैलओढ अवजार इथे १९८० च्या दशकात तयार झाले. आपल्याकडच्या बीबीएफचाच हा भाऊबंद.

बुधवार आणि शुक्रवार हे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवासाचे दिवस. मांस, दूध, अंडी वर्ज्य. शाकाहारी प्रवाशाची चांगली सोय होते: टेफच्या इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या घावनावर, शिरो, म्हणजे कडधान्याच्या पिठाचे कालवण, पिठल्याच्या जवळ जाणारे. कडधान्यांना इथे बारमाही बाजार आहे, त्यामागे हे उपवासही आहेत. संतांच्या ठरावीक तिथींना शेतात औत धरत नाहीत. क्षेत्र तपासणीची तारीख ठरवण्याआधी गावच्या चर्चचे पंचांग विचारून घ्यावे, नाहीतर निरीक्षक येतो आणि रानात कुणी नसते.

हरभऱ्यात ‘अरेर्ती’ हा काबुली वाण १९९० च्या दशकाच्या शेवटी आला आणि टिकला. तरी त्याचे बी कायम तुटपुंजे. आकडेमोड केली की कारण दिसते. हेक्टरी १२० किलो बी आणि १८ क्विंटल उत्पादन धरा. फुटके, किडके, लहान दाणे काढून उरतात १५ क्विंटल. गुणन झाले बारापट. टेफच्या ऐंशीपटीसमोर हे काहीच नाही. शिवाय बी जड आहे, वाहतूक महाग पडते आणि साठवणीत भुंगेरा लागतो. कोणतेही महामंडळ दूरच्या गोदामातून हे बी पुरवायला नाखूश असते. म्हणून हरभऱ्याचे बी तालुक्यातच तयार होऊन तालुक्यातच विकले गेले पाहिजे.

भुंगेऱ्यासाठी तीन थरांची हवाबंद पिशवी चांगली चालते. आत दोन प्लास्टिकचे थर, बाहेर विणलेले पोते. प्रत्येक थर वेगळा पिळून बांधायचा आणि आत हवा कमीत कमी राहील असे दाबून भरायचे. बी ओले असेल तर हीच पिशवी घात करते, आत बुरशी येते आणि उगवण जाते. ओलावामापक नसेल तर मिठाची चाचणी करावी: कोरड्या काचेच्या बरणीत बी आणि कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवायचे, मग पंधरा मिनिटे ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. अजून वाळवा. मीठ न चिकटणे ही मात्र केवळ पहिली पायरी आहे. हवाबंद साठवणीसाठी ओलावा १० टक्क्यांच्या आसपास हवा, त्यासाठी ताडपत्रीवर आणखी दोन-तीन दिवसांचे पातळ वाळवण लागते.

एजेरेची सामुदायिक बियाणे पेढी १९९० च्या दशकातल्या प्रयत्नांतून उभी राहिली. गव्हाच्या सुधारित वाणांनी इथला देशी डुरम गहू मागे सारला होता, तो पेढीतून पुन्हा रानात आला. पद्धत उसनवारीची: पेरणीला बी न्यायचे, सुगीला थोडे वाढवून परत करायचे. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांची पेढी याच तत्त्वावर चालते. धोका दोन्हीकडे सारखाच आहे. परत आलेले बी नेलेल्याच दर्जाचे असते असे नाही, आणि परत घेताना तपासणी झाली नाही तर पेढीतला वाण काही वर्षांत मिसळून जातो. शिवाय एका वाईट वर्षात सगळेच कर्जदार एकदम थकतात. म्हणून प्रत्येक वाणाचा एक राखीव वाटा कधीच उसना द्यायचा नाही, हा नियम लेखी असावा.

कायद्याने या व्यवहाराला जागा ठेवली आहे. २०१३ च्या बियाणे कायद्याने लहान शेतकऱ्यांमधली घरच्या बियाण्याची देवाणघेवाण आणि विक्री नियमांबाहेर ठेवली, आणि ‘दर्जा-घोषित बियाणे’ असा मधला वर्गही आला. त्यात उत्पादक गट स्वतः तपासणी करतो आणि सरकारी निरीक्षक सगळ्याऐवजी ठरावीक हिश्शाचीच पडताळणी करतो. निरीक्षक थोडे, अंतर मोठे, अशा देशात हा मार्ग नसेल तर कडधान्याचे सुधारित बी गावापर्यंत पोहोचतच नाही.

गुरुवार, मोजो आणि मेल्कासा

रिफ्ट दरीत उतरले की ऊन वाढते आणि पाऊस घटतो. मेल्कासा केंद्र घेवड्यासाठी प्रसिद्ध. निर्यातीच्या पांढऱ्या घेवड्याचे ‘अवाश’ मालिकेतले वाण इथलेच. जिवाणूजन्य करपा बियाण्यातून पसरतो, त्यामुळे फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना अशा दोन फेऱ्या मारून रोगट झाडे उपटावीच लागतात. पाने ओली असताना रानात शिरू नये. रोग पायांबरोबर फिरतो.

मोजोत शेतकरी सहकारी संघाच्या गोदामाशी थांबून करारशेतीचा हिशेब समजून घ्यावा. बीजोत्पादकाला धान्याच्या भावावर काही टक्के जास्त मिळतात. पण भाव ठरतो काढणीच्या वेळी आणि मालाची उचल होते नंतर. मधल्या काळात धान्य महागले की तो फरक पुसला जातो आणि माल बाजारात जातो. करार मोडला म्हणून शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात रोख नाही त्याने पैशांसाठी दोन महिने थांबावे, ही अपेक्षाच चूक आहे. ज्या गटांनी उचलीच्याच दिवशी निम्मे पैसे दिले आणि उरलेले उचल पूर्ण झाल्यावर त्या दिवसाच्या भावाने दिले, त्यांचा माल टिकला. त्यासाठी संघाला काढणीच्या आधी खेळते भांडवल लागते, आणि बँक बियाण्याला तारण धरायला बिचकते. अनुदान द्यायचेच असेल तर यंत्रापेक्षा इथे द्यावे.

शुक्रवार, कुलुम्सा आणि आसेला

२२०० मीटरवर थंडी जाणवते. नजर जाईल तिथे गहू. १९६७ मध्ये स्वीडनच्या मदतीने सुरू झालेल्या चिलालो प्रकल्पापासून हा पट्टा गव्हाचा झाला.

गव्हात वाण बदलण्याची घाई तांबेरा या बुरशीच्या रोगामुळे होते. ‘कुब्सा’ हा वाण देशभर पसरला होता. २०१० मध्ये पिवळ्या तांबेऱ्याची साथ आली आणि एकाच वाणावर विसंबण्याची किंमत कळली. त्याच वर्षी ‘काकाबा’ आणि ‘दांदा’ हे वाण प्रसारित झाले. पुढे ‘दिगेलू’ जोरात असताना २०१३-१४ मध्ये खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याची नवी जात आली आणि तो वाणही बसला.

अशा वेळी नवे बी किती लवकर पोहोचेल? हेक्टरी १५० किलो बियाणे, ३० क्विंटल उत्पादन आणि यंत्रावर १५ टक्के घट धरा. गुणन होते सतरापट. पहिल्या हंगामात एक हेक्टर, दुसऱ्यात १७, तिसऱ्यात २८९, चौथ्यात सुमारे ४,९००. देशात गहू आहे १५ लाख हेक्टरहून जास्त. पावसावर वर्षाला एकच हंगाम घेतला तर नवा वाण पसरेपर्यंत तांबेऱ्याची पुढची जात हजर होते. म्हणून दोन गोष्टी केल्या जातात: हिवाळ्यात सिंचनाखाली जादा हंगाम घ्यायचा, आणि प्रसारणाची शिफारस होण्याआधीच आश्वासक वाणाचे पूर्व-पायाभूत बी वाढवायला घ्यायचे. दुसऱ्यात जोखीम आहे. वाण नाकारला गेला तर ते बी धान्य म्हणून विकावे लागते. ही जोखीम सरकारनेच घ्यायची असते. पैदासकार आणि पूर्व-पायाभूत बियाणे ही साखळीतली सर्वात कमी पैशांची आणि सर्वात जास्त दुर्लक्षित कडी आहे. इथे एक क्विंटल कमी पडला तर तीन हंगामांनंतर हजारो क्विंटल कमी पडतात.

शेतात नजर ठेवावी ती कंबाइनवर. भाड्याचे यंत्र शेजारच्या रानातून येते आणि पोटात त्याचा गहू, त्याचे तण घेऊन येते. हेडर, एलेव्हेटर, चाळण्या आणि धान्याची टाकी उघडून हवेने झाडायची, रिकामे यंत्र काही मिनिटे चालवायचे, आणि तरीही पहिले दोन-तीन क्विंटल धान्य म्हणून बाजूला काढायचे. यंत्रवाला तासावर पैसे घेतो, म्हणून साफसफाईचा वेळ त्याला नकोसा असतो. करारात ‘सफाईचा एक तास’ वेगळा मोजला की वाद मिटतो. वीस-तीस शेतकऱ्यांनी सलग पट्ट्यात एकच वाण लावला तर सफाई एकदाच करावी लागते. सलग पट्ट्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

शनिवार, हवासा

आसेलाहून दोदोला आणि शाशेमेनेमार्गे तळ्याकाठच्या हवासाला. इथे मका.

संकरित मक्यात शेतकरी दरवर्षी बी विकत घेतो, म्हणून कंपन्या याच पिकात आहेत. बाको केंद्राचा ‘बीएच-६६०’ हा १९९३ चा तीनमार्गी (तीन जनकांपासून केलेला) संकर वर्षानुवर्षे पुरला. झाड फार उंच, वाऱ्याने लोळायचे. २०११ च्या ‘बीएच-६६१’ ने त्याची जागा घ्यायला सुरुवात केली. बियाण्याच्या रानात मादीच्या तीन ओळींना नराची एक, भोवती नराच्या कडा, आणि इतर मक्यापासून दोनशे मीटरहून जास्त अंतर. मादीचे तुरे काढण्याचे दोन आठवडे सणवार, रविवार काही नसते. पानातून तुरा डोकावताच ओढायचा. पाने ओढली गेली तर उत्पादन घटते, तुऱ्याची फांदी आत राहिली तर तेवढीच पराग सोडते. आपल्याकडच्या प्रमाणीकरणात पाच टक्के वा जास्त मादी झाडांच्या कणसावरचे केस पराग धरण्याजोगे असताना मादीचे एक टक्क्याहून जास्त तुरे पराग सोडताना दिसले तर क्षेत्र नाकारतात. परागीकरण संपताच नराच्या ओळी कापून गुरांना घालाव्यात, म्हणजे काढणीला कणसे मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही.

विक्रीची पद्धत २०११ पासून बदलू लागली. आधी केबेलेतून वोरेदा, तिथून झोन, विभाग अशी मागणी वर जायची आणि त्याच वाटेने बी खाली यायचे. सहा महिने आधी केलेला अंदाज पाऊस बदलताच चुकायचा. एका तालुक्यात पोती पडून राहायची, शेजारच्या तालुक्यात शेतकरी रिकाम्या हाताने परतायचे, आणि बी उगवले नाही तर जबाब कुणी द्यायचा हेही ठरलेले नव्हते. आता उत्पादक स्वतःच्या विक्रेत्यामार्फत थेट विकू शकतो. पिशवी साडेबारा किलोची, अर्ध्या हेक्टरची, वर लॉट क्रमांक. विक्रेत्याने पावतीवर तो क्रमांक लिहायलाच हवा. तक्रार आली तर फक्त तोच लॉट तपासता येतो आणि बाकीचा माल अडकत नाही.

इथला मका एप्रिल-मे मध्ये पेरतात. बी मार्चमध्ये दुकानात नसेल तर शेतकरी जे मिळेल ते पेरतो. हवासाच्या उबेत पावसाळाभर राहिलेल्या बियाण्याची उगवण झपाट्याने घसरते, म्हणून उरलेला माल जूनमध्येच मोजून परत घ्यावा आणि थंड, उंचावरच्या गोदामात हलवावा. पुढच्या विक्रीआधी प्रत्येक लॉटचे ४०० दाणे, शंभर-शंभरच्या चार गटांत, पुन्हा उगवून बघावेत. चौथ्या आणि सातव्या दिवशी मोजणी. आणि औषध-रंग लावायचा तो मागणी पक्की झालेल्या मालालाच. औषध लावलेले बी उरले तर ते ना माणसाला देता येते, ना गुराला. त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्चही लहान विक्रेत्याच्याच माथी येतो. न लावलेले बी निदान धान्याच्या भावाने बाजारात जाते.